बरं, ठेवू का मग?

मराठी माणसाला बोलणं सुरू करायला फारसं भांडवल लागत नाही. "काय, पाऊसपाणी काय म्हणतंय?" एवढ्यावर दोन तास सहज निघतात. पंचाईत होते ती बोलणं संपवताना. आमच्याकडचा पाहुणा एकदा खुर्चीतून उठताना निघतो, एकदा चपला शोधताना निघतो, एकदा फाटकाची कडी हातात धरून निघतो, आणि खराखुरा निघतो तो कोपऱ्यावरून परत येऊन "अहो, ज्यासाठी आलो होतो ते सांगायचं राहिलंच की!" असं म्हटल्यानंतर. शिवाय निघताना तो "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. आणि आपण त्याला "या" म्हणतो. परमुलखातल्या माणसाने हा संवाद ऐकला तर त्याची समजूत होईल, की हे गृहस्थ आत्ताच आले आहेत आणि आता चहा येईल.

टेलिफोनवर तर विचारूच नका. "बरं, ठेवू का मग?" हे वाक्य फोन ठेवण्यासाठी असतं अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी लातूरला आमच्या अक्काला एकदा फोन लावून पाहावा. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम लातूर, राहते एकटी. "चल नांदेडला" म्हटलं तर "माझी तुळस कोण बघंल?" असं विचारते. "बरं, ठेवू का मग?" हे ती पहिल्या पाच मिनिटांतच म्हणते. ते मध्यंतर असतं.

मी तेहतीस वर्षं नांदेडच्या एका शाळेत मराठी शिकवलं. त्यातली निदान दहा वर्षं तरी पत्रलेखनाचे अर्धे मार्क कापण्यात गेली असतील. वरती मायना नसला की अर्धा मार्क, खाली 'कळावे, लोभ असावा' नसलं की अर्धा मार्क. एकदा एक कार्टं उठून मला म्हणालं, "सर, पत्र संपलं हे कागद संपल्यावर कळतंच की! मग 'कळावे' कशाला लिहायचं?" मी त्याला म्हटलं, "बाळा, दुसरं पान पोस्टमनच्या हातून नालीत पडलं असेल तर? कागद संपणं वेगळं आणि मजकूर संपणं वेगळं." ते खाली बसलं. पटलं म्हणून की छडी दिसली म्हणून, ते सांगवत नाही.

पण माझं म्हणणं काही माझ्या पदरचं नव्हतं. शिवाजी महाराजांच्या पत्रांत मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा उठवीत. तिला मोर्तब म्हणत. पेशवाईतल्या मोर्तबावर तर सरळ 'लेखनसीमा' हीच अक्षरं असत. अर्थ एकच: पत्र इथे संपलं. याच्या खाली कुणी 'ता. क. सोबत पाच गावं इनाम दिली आहेत' असं घुसडलं तर ते आमचं नव्हे. ज्यांना राज्य चालवायचं होतं त्यांना मजकुराचा शेवट दाखवण्याचं महत्त्व कळलं होतं. आमच्या नववी 'ब'ला ते कळलं नाही, आणि आमच्या भाच्याला ते कळायला गेल्या पावसाळ्यापर्यंत थांबावं लागलं.

भाचा म्हणजे अक्काचा एकुलता एक. लातूर पॅटर्नच्या भट्टीतून पक्का भाजून निघालेला, मग इंजिनिअर, मग पुणे. तो आमच्याकडे आठ दिवस मुक्कामाला आला तो एक लॅपटॉप, चार वायरी आणि एक काम घेऊन. त्याच्या मित्राच्या वडिलांचं लातूरच्या मार्केट यार्डात अडत दुकान, आणि दुसरं दुकान नांदेडला नव्या मोंढ्यात. लातुरात सौदा निघाला की सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे भाव त्याच क्षणी नांदेडच्या दुकानात पडद्यावर दिसले पाहिजेत, ही शेटजींची इच्छा. आमची सौ. म्हणाली, "मग फोन का करत नाहीत?" भाचा म्हणाला, "मामी, फोनवर आधी पाऊस निघतो, मग कुणाचं तरी लग्न निघतं, अन् भाव निघेपर्यंत तो पडलेला असतो." हे मात्र पटण्यासारखं होतं.

दुकानात बसवण्याआधी घरच्या घरी चाचणी घ्यायची म्हणून त्याने एक लॅपटॉप लातूरला आईच्या घरी मांडून ठेवला होता. तो भाव पाठवणार. दुसरा आमच्या जेवणाच्या टेबलावर. तो भाव घेणार. मधे सव्वाशे-दीडशे किलोमीटर, आणि माझ्या घरात आठ दिवस जेवायला जमिनीवर पाट.

"मामा, मी सॉकेट उघडलंय," तो पहिल्या दिवशी म्हणाला. मी घाईघाईने मेन स्विचकडे धावलो. आमच्या पिढीला सॉकेट म्हणजे भिंतीतलं ते तीन भोकांचं, ज्यात इस्त्रीची पिन घातली की ठिणगी उडते. त्याने मला परत बसवलं. "ते नव्हे हो. दोन कॉम्प्युटरांच्या मधे एक नळी आहे असं समजा. तिची दोन तोंडं म्हणजे सॉकेट. १९८३ साली बर्कलीच्या विद्यापीठाने आपल्या युनिक्समध्ये ही सोय दिली, तेव्हापासून जगभर हेच चालतं. या टोकाने ओतलं की त्या टोकाला निघतं."

लातूरच्या माणसाने नळीचं उदाहरण द्यावं आणि ते नांदेडच्या माणसाने मुकाट्याने ऐकून घ्यावं, हे जरा अवघड होतं. आमच्याकडे गोदावरी आहे. लातुरात २०१६ साली पाण्याचे इतके हाल झाले की मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली: १० वाघिणी आणि एकेकीत सुमारे ५०,००० लिटर पाणी. पण गंमत अशी, की भाच्याचं पुढचं सगळं दुखणं मला कळलं ते या पाण्याच्या गाडीवरूनच.

आगगाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर एक मोठी फुली असते, नाहीतर 'एलव्ही' अशी पाटी अडकवलेली असते. ती तुम्ही पाहिली असेल. ती गाडी निघून गेल्यावर रुसलेल्या प्रवाशांना दाखवण्यासाठी नसते. स्टेशनातल्या माणसाने ती पाहिली की त्याला कळतं, गाडी पुरी आली. मधेच तुटून चार डबे मागे चाकूरला राहिलेले नाहीत. म्हणजे आगगाडीलासुद्धा 'कळावे, लोभ असावा' आहे. नळाला ते नाही. मिरजेहून १० वाघिणी आल्या हे मोजता येतं. नळातून आलेलं पाणी एका घागरीचं कुठे संपलं आणि दुसरीचं कुठे सुरू झालं, हे ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही.

आणि भाच्याची नळी ही नळ होती, आगगाडी नव्हती. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली ज्याचा आराखडा मांडला ती टीसीपी नावाची पद्धत इमानदार फार. मजकुराचे तुकडे करून पाठवते. एखादा तुकडा सरळ लोहा-अहमदपूरवरून जाईल, एखादा आपल्या रेल्वेसारखा पूर्णा, परभणी, परळी अशी यात्रा करून लातूर रोडला उतरेल. (लातूर रोड म्हणजे लातूर नव्हे, हे नवख्या माणसाला तिथे उतरल्यावरच कळतं.) पण पलीकडे सगळे तुकडे पुन्हा ओळीत लावले जातात, आणि पोचल्याचा हुंकारा परत येतो. हुंकारा नाही आला तर तुकडा पुन्हा पाठवला जातो. गोष्ट सांगणारी आजी जशी "ऐकायलास ना?" विचारत राहते, तसंच. फक्त मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, याच्याशी टीसीपीला कर्तव्य नाही. ते ज्याचं त्याने पाहायचं.

ते पाहण्यासाठी भाच्याने मजकूर एक्सएमएल नावाच्या रीतीत बांधला होता. १९९८च्या फेब्रुवारीत ही रीत पक्की झाली. मला ती एकदम आवडली, कारण ती माझ्याच वर्गात शिकल्यासारखी आहे. प्रत्येक गोष्ट सुरू करताना कंसात तिच्या नावाची पाटी लावायची, आणि संपली की तीच पाटी एक तिरकी रेघ घालून पुन्हा लावायची. 'भाव' उघडला की 'भाव' मिटलाच पाहिजे. आत 'माल' उघडला असेल तर आधी तो मिटवायचा, मग बाहेरचा. आणि या सगळ्याच्या भोवती सगळ्यांत मोठी एक पाटी, अथपासून इतिपर्यंत. एक जरी पाटी मिटवायची राहिली तरी वाचणारा सगळा कागद फेकून देतो. मी अर्धाच मार्क कापत होतो.

तर एवढी चोख व्यवस्था करून भाच्याने कळ दाबली. आमच्या टेबलावर काहीच आलं नाही. त्याने लातूरला फोन लावला.

"आई, त्या वायफायच्या डब्यावरचा दिवा हिरवा आहे ना?"

"हाय रे हिरवा. बरं ऐक, मी काय म्हणूलाले—"

"ठेवतो." आणि ठेवलासुद्धा. अक्काच्या बाबतीत फोन दहा सेकंदांत ठेवला जाण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

पहिल्या दिवसाचा रोग संध्याकाळी सापडला. भाव येत होते, पण वाचणारा ते वाचत नव्हता. तो इतीची वाट बघत होता. म्हणजे असं: मजकूर वाचणारे दोन प्रकारचे असतात. एक, कीर्तन पुरं झाल्यावरच "बुवा, वाहवा" म्हणणारे. ते सगळा मजकूर आधी पोटात घेतात, शेवटची पाटी मिटलेली बघतात, मग तोंड उघडतात. दुसरे, प्रत्येक ओवीला "हां" म्हणणारे. ते जे हाती येईल ते तिथल्या तिथे वाचतात. भाच्याने पहिल्या प्रकारचा वाचणारा बसवला होता. आणि बाजाराची ती सर्वांत मोठी पाटी तर मिटणारच नव्हती. ती मिटणार म्हणजे दुकान मिटणार! शेटजींचं दुकान बंद पडेल त्या दिवशी आमच्या टेबलावर सगळे भाव एकदम दिसले असते.

या रोगावर इलाज फार पूर्वीच निघालेला आहे. १९९९च्या जानेवारीत जेरेमी मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने 'जॅबर' नावाची गप्पा मारण्याची सोय जाहीर केली. त्याची कल्पना अशी, की दोघांचं सगळं संभाषण हाच एक कागद. हॅलो म्हणताना मोठी पाटी उघडायची आणि निरोप घेतानाच ती मिटवायची. मधे जे काही बोलायचं ते लहान लहान, स्वतःपुरत्या पुऱ्या तुकड्यांत. तुकडा मिटला की लगेच वाचायचा, मोठ्या पाटीकडे बघत बसायचं नाही. त्या तुकड्यांना इंग्रजीत 'स्टॅन्झा' हेच नाव आहे, म्हणजे कडवं! यंत्रं कडव्याकडव्याने बोलतात हे ऐकून मला माझ्या तेहतीस वर्षांचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. याच पद्धतीला २००४ साली एक्सएमपीपी या नावाने रीतसर मान्यता मिळाली. २००५ साली निघालेलं गूगल टॉक त्याच्यावर चालायचं. पुढे व्हॉट्सॲपनेही सुरुवातीला त्याचाच घरगुती अवतार घेतला, आणि वारंवार येणाऱ्या शब्दांच्या जागी एकेक आकडा ठेवून काटकसर केली. आमच्या वेळी तारेतसुद्धा शुभेच्छांचा नुसता आकडा टाकला की पुरं वाक्य पोचत असे. ती तार १४ जुलै २०१३च्या रात्री कायमची बंद झाली. काटकसर मात्र तिच्यामागेही जिवंत राहिली.

दुसऱ्या दिवशी भाव आले. सोयाबीन ४३५. भाच्याने डोळे चोळले. मग पुढे आलं, ०. शेटजी समोर असते तर पहिल्या आकड्याला त्यांना झटका आला असता आणि दुसऱ्याला त्यांची शुद्ध गेली असती. काय झालं होतं, तर ४३५० हा भाव नळीतून येताना मधेच तुटून दोन तुकड्यांत आला होता, आणि वाचणाऱ्याने पाटी मिटायची वाट न बघता पहिला तुकडा वाचून टाकला. कालचा रोगी शेवटपर्यंत बोलतच नव्हता, आजचा समोरच्याचं वाक्य संपायच्या आत बोलत होता. असे दोन्ही प्रकार आमच्या शिक्षकांच्या खोलीत होते.

अक्षरांचं तर त्याहून वाईट झालं. देवनागरीतलं एकेक चिन्ह या नळीतून तीन बाइटांचं होऊन जातं. काना, मात्रा, अनुस्वार यांचेही तीन-तीन वेगळे. तुकडा नेमका अक्षराच्या पोटातून तुटला की पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. भाच्याने ती सगळी तुटलेली अक्षरं पिशवीत धरून ठेवायची, पुढचा तुकडा आला की सांधायची, अशी व्यवस्था केली. मी तेवढ्यात हिशेब करून पाहिला. 'नांदेड'चे अठरा बाइट होतात आणि 'लातूर'चे पंधरा. तीन बाइटांनी का होईना, आम्ही पुढे आहोत. हे मी अक्काला फोनवर कळवलं. ती म्हणाली, "असाल की. तुमचा अनुस्वार काढा, मग बघू."

मधेच भाच्याने फोन काढून घेतला. "आई, दिवा हिरवा?" "हाव, पण अरे—" "ठेवतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं सुरळीत चाललं, आणि दुपारी भाव यायचे थांबले. आमच्या बाजूला सगळं ठीक दिसत होतं. जोडणी आहे, नळी शाबूत आहे, फक्त पाणी नाही. भाच्याने दिवसभर आपलाच मजकूर उलटापालटा करून तपासला. मी त्याला विचारलं, "अरे, तिकडची नळीच तुटली असेल तर?" तो म्हणाला, "तेच तर कळत नाही, मामा. तिकडच्याने नीट निरोप घेतला तर कळतं. पण तो न सांगताच गेला, वीज गेली, वायर तुटली, तर इकडच्याला काही कळत नाही. तो समजतो, समोरचा गप्प आहे. गप्प बसलेला आणि नसलेला, इकडून दोघं सारखेच."

हे वाक्य तो कॉम्प्युटरबद्दल बोलला. मला ते कॉम्प्युटरबद्दल ऐकू आलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे गणपती बुडवून माणसं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडे नांदेडात मांडणीवरची भांडी वाजली आणि आम्ही अंगणात आलो. उजाडल्यावर किल्लारी, सास्तूर ही नावं कानांवर यायला लागली. जवळजवळ आठ हजार माणसं त्या पहाटे गेली, पण हा आकडा नंतरचा. त्या सकाळी आम्हाला एवढंच कळत होतं, की लातूरकडे मोठं काहीतरी झालंय, आणि लातुरात अक्का आहे. तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, शेजारच्यांचा पी.पी. नंबर होता. एसटीडी बूथवर रांग लागलेली. माझा नंबर आला तेव्हा लाइन लागली, घंटी वाजायला लागली. वाजत राहिली. उचललं कुणीच नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आता त्या घंटीचा अर्थ काय लावायचा? घर पडलेलं नाही, कारण घंटी वाजतेय. माणूस नाही, कारण उचलत नाही. मागचा माणूस म्हणत होता, "गुरुजी, ठेवा आता." माझ्याने ठेववेना.

दुसऱ्या दिवशी लातूरहून आलेल्या एका ड्रायव्हरने चिठ्ठी आणून दिली. 'मी बरी आहे. सगळे मैदानात झोपतो आहोत. घरात कुणी जात नाही.' चिठ्ठीला मायना नव्हता, 'कळावे' नव्हतं. मी एकही मार्क कापला नाही.

तेव्हापासून अक्काने नेम धरला. दर सोमवारी एक पोस्टकार्ड. मजकूर एकच: 'मी बरी आहे.' पुढे घरी फोन आला, मोबाईल आला, पोस्टकार्डं थांबली, नेम राहिला. रोज सकाळी सातला तिचा मिस्ड कॉल येतो. दोन रिंगा, कट. पैसे नाहीत, शब्द नाहीत. हे ऐकून भाचा लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "मामा, जॅबरमध्ये हेच आहे. बोलायला काही नसलं तरी अधूनमधून एक मोकळी जागा पाठवायची. अक्षरसुद्धा नाही, नुसती जागा. वाचणारा ती वाचत नाही, पण नळी जिवंत असल्याचं कळतं." जगातली एवढी हुशार माणसं ज्या जागी पोचली, तिथे आमची अक्का पोस्टकार्डाने आधीच पोचली होती.

त्याने पुन्हा लातूरला फोन लावला. "आई, हिरवा?" "हो." पण या वेळी तो ठेवू शकला नाही. तिकडचा लॅपटॉप बंद करून परत चालू करायचा, मग काय दिसतं ते सांगायचं, अशी लांबलचक कामगिरी होती. "आई, फोन ठेवू नको, चालूच राहू दे," असं म्हणून त्याने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि तो कामाला लागला.

मग बराच वेळ त्या फोनमधून लातूर ऐकू येत होतं. कुकरची शिट्टी, दारावरचा भाजीवाला, अक्काची चप्पल. आणि मग कुणी न विचारता अक्का बोलायला लागली.

"आता ठेवायची घाई नाही ना? मग सांगते. मला तो दिवा हिरवा का लाल, काही कळत नाही बघ. महिना झाला, लाल अन् हिरवं दोन्ही पिवळंच दिसूलालंय. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करा, सोबत कुणीतरी आणा. तेच सांगायचं होतं. पण तू इचारतोस दिवा, मी 'हो' म्हणते, तू ठेवतोस. 'नाही' म्हणलं तर तू चिडशील, म्हणून 'हो'च म्हणते."

आमच्या स्वयंपाकघरात भांडं घासायचा आवाज थांबला. भाच्याचे हात कीबोर्डवर होते तसेच राहिले. डब्यावरचा दिवा दुपारपासून लाल असणार हे त्याला कळलं, आणि त्याने ते कुणाला बोलून दाखवलं नाही. दिवसभर तो ज्या मजकुरात चूक शोधत होता तो मजकूर बरोबर होता. खोटा होता तो हुंकारा. आणि तो खोटा का झाला, तेही अक्काने सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने तो लातूरला गेला. लॅपटॉप आमच्याकडेच राहिला, टेबल मात्र आम्हाला परत मिळालं. ऑपरेशन नीट झालं. शेटजींची पाटी पंधरा दिवस उशिरा लागली. लागली ती चांगली चालतेय; दर तीस सेकंदांनी तिच्यात एक मोकळी जागा जाते, आणि दोनदा ती आली नाही की नांदेडचा पडदा स्वतःच 'लातूर गप्प आहे, चौकशी करा' असं म्हणतो. हे वाक्य भाच्याने मला विचारून घातलं. मी त्यात एकही शब्द बदलला नाही.

जाताना तो मला टीसीपीची आणखी एक गोष्ट सांगून गेला. दोन यंत्रं एकमेकांचा निरोप घेतात तो एका फटक्यात नाही. एक म्हणतं, "माझं बोलून झालं." दुसरं म्हणतं, "कळलं." पण म्हणून नळी मिटत नाही. ज्याचं बोलून झालं त्याने फक्त आपलं तोंड मिटलेलं असतं, कान उघडेच असतात. दुसऱ्याचं अजून राहिलेलं असेल तर ते तो ऐकतो. मग दुसरं म्हणतं, "माझंही झालं," पहिलं म्हणतं, "कळलं." आणि एवढं होऊनही ज्याने आधी निरोप घेतला ते यंत्र थोडा वेळ दाराशी उभं राहतं. न जाणो, शेवटचा शब्द पोचला नसेल तर! मी म्हटलं, "अरे, म्हणजे 'येतो', 'या', 'बरं येतो मग', 'या हं', आणि वर फाटकाशी उभं राहणं! यासाठी अमेरिकेत कशाला जायला हवं होतं?"

भाचा आता रोज रात्री आईला फोन करतो. आपलं सांगून झालं की गप्प बसतो, ठेवत नाही. सुरुवातीला अक्काला ते जड गेलं. "बोल की!" म्हणायची. मग सवय झाली. परवा त्यांचा फोन पन्नास मिनिटं चालला, त्यातली चाळीस अक्काची. भाच्याच्या बायकोचं म्हणणं असं, की कान उघडे ठेवायची ही पद्धत त्याने घरातही बसवायला हरकत नाही.

काल सकाळी मात्र सातला मिस्ड कॉल आला नाही. सात पाच झाले, सात दहा झाले. सौ. चहा घेऊन आली, तो तसाच निवला. मी १९९३पर्यंत जाऊन आलो. सव्वासातला मीच फोन लावला. एका रिंगेत उचलला.

"अक्का, अगं मिस्ड कॉल?"

"अरे हो! राहिलाच बघ. आता बारीक अक्षरं दिसूलालीत ना, पेपर वाचत बसले. त्यात तुमच्या नांदेडची बातमी हाय. नांदेडात अनुस्वार द्यायचा राहिलाय छापणाऱ्याचा. म्हणजे आता झाले आपण सारखे, पंधरा-पंधरा. बरं, ठेवू का मग?"

मी चहा गरम करून आणायला सांगितला.